दाढीवाल्याचा निबंध

आमची लेक कॉलेजात शिकवते आणि गांडुळांवर संशोधन करते. नोकरी कायम व्हायची तर तिचा निबंध एका बड्या जर्नलात छापून येणं भाग होतं. तिथली पद्धत अशी, की तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याचं नाव सांगायचं नाही आणि लिहिणाऱ्याला तपासणाऱ्याचं. म्हणजे दोघांनी डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांना चिमटे काढायचे.

लेक पडली सरळमार्गी. तिनं स्वतःचं नाव काढलंच, वर ज्यांच्या हाताखाली शिकली त्या सरांच्या लेखनाचे सगळे दाखलेही काढले.

"आई, जागोजाग सर दिसले की त्यांचीच विद्यार्थिनी म्हणून ओळखतील ना!"

पुढं एकदा सर चहाला आले ते मिशीत हसतच.

"तपासायला एक निबंध आलाय. नाव नाही, पण आपण वासावर ओळखतो. गांडुळांवर एवढं लिहिलंय आणि माझा एकही दाखला नाही! माझ्यावर जळणाऱ्या त्या दाढीवाल्याशिवाय कुणाची छाती आहे? असा सोललाय त्याला!"

लेकीनं सरांच्या चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

सर गेल्यावर तिनं दार लावून घेतलं. "बोंबललं सगळं! तो निबंध माझाच, आई! खरं सांगावं तर परीक्षक बदलणार, आणि तोवर माझी मुदत संपणार."

"मग त्यांना काय हवंय?"

"ते स्वतःच हवेत, आई."

"मग वाढ की पोटभर!"

संपादकानं सुधारायला एक संधी दिली होती. लेकीनं मजकुराला हात लावला नाही. फक्त जिथं फट दिसली तिथं सर कोंबले.

सर पुन्हा आले, ते फुलून.

"नमला दाढीवाला! पानोपानी मी! आणि विचार काय सुधारलेत मेल्याचे! लगेच पास केला."

"साखर घालू का अजून, सर?" लेकीनं विचारलं.

निबंध छापून आला, नोकरी कायम झाली. आता मात्र वर लेकीचं नाव होतं. सर अंक घेऊनच आले.

सरांनी चष्मा पुसला. घसा खाकरला.

"मला पहिल्याच पानावर कळलं होतं. मुद्दाम कडक वागलो. लाडानं विद्यार्थी बिघडतात."

"आणि तो दाढीवाला?" मी विचारलं.

"तो?" सरांनी बिस्किट चहात बुडवलं. "त्याला सात जन्मांत असं लिहिता येणार नाही!"