दोरीची घडी

माझा धाकटा भाऊ हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल. मीही काही कमी नाही असं आई म्हणते, पण तिचं काय ऐकायचं? ती पहिल्यापासून त्याच्याच बाजूची.

आमची लॉन्ड्री आहे. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी ढिगानं येतात. आणि चादरीची घडी हे एकट्याचं काम नव्हे. एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते. दोघांनी ताणायचं, ताण नीट बसला की एक झटका द्यायचा, की सुरकुत्या पळाल्याच. मग एकमेकांकडे चालत यायचं. एकानं आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे आणि वाकून खालची लोंबती बाजू उचलायची. पुन्हा मागे, पुन्हा ताण, पुन्हा झटका. काही झालं तरी चादर जमिनीला लागता कामा नये. लागली की परत धुवा.

लहानपणापासून एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला बारक्या. बारक्या म्हणजे हाच तो भाऊ. आता दारातून वाकून आत येतो, पण नाव तेच राहिलं. कोपरे देणं, वाकणं त्याच्याकडे; आणि वाकून उठला की मोठा पराक्रम केल्यासारखे हात झटकायचा. घडी पूर्ण झाली की मी तिच्यावर तळहाताची एक थाप मारायची. ती थाप मारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर एक दिवस हा शहाणा मला न विचारता घडी घालायचं यंत्र घेऊन आला. चांगलं कपाटाएवढं.

"ताई, जग कुठल्या कुठे चाललंय," म्हणाला.

"जाऊ दे जगाला," मी म्हटलं, "हे धूड आधी माझ्या दारातून हलव."

शब्दानं शब्द वाढला. शेवटी म्हणाला, "आजपासून मी चादरीला हात लावणार नाही!" आणि यंत्र घेऊन तणतणत गेला तो गेलाच. गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली, रोबो दुरुस्तीच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून अबोला. काही सांगायचं झालं तर आईच्या तोंडून. बिचारीचे फोनवर कान दुखायचे.

मला दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंच होतं. दवाखान्यात खाटा ढकलणारा एक जुना रोबो त्यांनी मोडीत काढला, तो मी घरी आणला. त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. पहिल्या दिवशी त्यानं चादर टर्रकन फाडली. मग मी त्याला बारक्यासारखं सगळं शिकवलं. टोक कसं धरायचं, कोपरे कसे द्यायचे, कुठे वाकायचं. हात झटकायलासुद्धा शिकवलं. का शिकवलं ते मला विचारू नका.

आता आमच्या गावाला वेड रोबोंच्या रस्सीखेचीचं. नियम सोपा: मधे पांढरी रेघ, ज्याचा पाय रेघेपार गेला तो हरला. शिट्टी वाजली की मालकांनी तोंड बंद ठेवायचं आणि दोन्ही रोबो आपापल्या डोक्यानं ओढणार. यंदा बारक्यानं स्वतः बांधलेला रोबो उतरवला. नाव काय, तर महाबली! मग मी गप्प बसते होय? दिलं ठोंब्याचं नाव ठोकून.

आई वैतागली. "दोघंही ऐका," तिनं फर्मान काढलं, "जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या दारी जायचं आणि आधी बोलायचं. मी आता निरोप्याचं काम सोडलं." दोघांनी कबूल केलं. तेही तिच्याचमार्फत.

खरं सांगू? मला तो दारात यायला हवा होता. ठोंब्यामुळे चादरी सरळ व्हायच्या, पण ठोंब्याशी भांडता येत नाही हो. दिवस सुनासुना जायचा. पण आपणहून जाऊन "ये बाबा" म्हणणं मला या जन्मात जमणार नव्हतं. म्हणून मला जिंकायचंच होतं.

ठोंब्यानं कमालच केली. हातातलं टोक सोडायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं की समोरचे रोबो दोरीसकट फरफटत यायचे. तिकडे महाबलीही एकेकाला लोळवत होता. अखेर व्हायचं तेच झालं. अंतिम सामन्याला भाऊ त्या बाजूला, बहीण या बाजूला, आणि गॅलरीत मधोमध आई.

बारक्या वाळला होता. शर्टाचं एक बटण तुटलेलं. माझ्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न चालला होता त्याचा. मीही आभाळाकडे बघत होते.

पंचबाईंनी शिट्टी फुंकली. दोरी ताठ झाली. ठोंब्या हलेना, महाबलीही हलेना. लोक ओरडून ओरडून घसे बसवत होते. आजवर प्रत्येक सामन्यात समोरचा लगेच घसरायचा, त्यामुळे दोरीला असा नीट ताण कधी बसलाच नव्हता. आज बसला, अगदी चादरीला बसतो तसा.

आणि दोघांनी एकाच क्षणी झटका दिला.

अगं बाई, म्हटलं, आता हा चालणार! आणि चाललाच की. ठोंब्या आपलं टोक घेऊन शांतपणे रेघेकडे निघाला. मी कपाळावर हात मारून घेणार, तोच पाहिलं, समोरून महाबलीही तसाच येत होता. दोघांचे पाय एकदमच रेघेपार पडले. ठोंब्यानं आपलं टोक महाबलीच्या हातात दिलं, वाकला, लोंबती दोरी उचलली, आणि हात झटकले. पुन्हा मागे, पुन्हा ताण, पुन्हा झटका. साऱ्या मैदानासमोर ते दोघं जाडजूड दोरीची घडी घालत होते!

लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. मी मात्र हसत नव्हते. शेवटची घडी पडली आणि महाबलीनं तिच्यावर तळहाताची एक थाप मारली.

माझी थाप होती ती.

म्हणजे चादरीला हात न लावणारा हा लबाड, खोलीत एकटा बसून, समोर महाबलीच्या रूपानं मला उभी करून रोज चादरींच्या घड्या घालत होता! माझे डोळे भरून आले. बारक्या ठोंब्याकडे बघत होता; ते हात झटकणं त्याचंच होतं.

"अहो, हा काय प्रकार?" पंचबाई ओरडल्या. "दोघांचे पाय पार गेले. हरलं कोण?"

कुणीच हरलं नव्हतं. मग आधी बोलायचं कुणी? तो आपल्या बुटांकडे बघायला लागला, मी परत आभाळाकडे. आईनं गॅलरीतून हात जोडले.

तेवढ्यात दोन्ही रोबो ती घडी घेऊन वाकले आणि धुळीनं भरलेल्या जमिनीवर ठेवायला लागले.

"अरे, खाली नको!"

आम्ही दोघं एकदमच किंचाळलो. एकमेकांकडे बघितलं, आणि जे हसू फुटलं ते आवरेना.

"चादरीला हात लावणार नव्हतास ना रे चोरा?" मी डोळे पुसत म्हटलं.

"मी कुठे लावला? महाबलीनं लावला," तो म्हणाला, आणि एवढा मोठा घोडा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला.

आता सकाळी आमच्याकडे दोन-दोन चादरी एकदम होतात. एकीला ठोंब्या आणि महाबली, दुसरीला आम्ही. आधी कोण ओरडलं यावरून रोज वाद होतो. तो म्हणतो ताई, मी म्हणते बारक्या. आई मधे पडत नाही, कडेला बसून चहा पिते. आणि थाप कुणी मारायची यावर मात्र वाद नाही, ती मीच मारते.