गोल चावीचं कुलूप

"फिरलं," पोपटराव म्हणाले आणि पुन्हा खाली वाकले. कुलूप जरासं फिरून पुन्हा अडकलं होतं.

खराडीतल्या एका ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावर ते टेबलाच्या खणासमोर मांडी घालून बसले होते. शेजारी त्यांची बायको कांताबाई, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन. कंपनीने मंदीचं कारण सांगून पुण्यातलं ऑफिस बंद केलं होतं. तिथे कामाला असलेली मुलं-मुली एका शुक्रवारी घरी गेली ती परत आलीच नाहीत, आणि खणांच्या चाव्याही त्यांच्या खिशांतून घरी गेल्या. आता टेबलं भाड्याने देणारा ती परत न्यायला येणार होता आणि त्याला खण रिकामे हवे होते.

"काका, होईल ना?" शौनकने विचारलं. ऑफिसची व्यवस्था तो बघायचा. या टेबलांबरोबर त्याचीही नोकरी संपत होती, त्यामुळे आवाज चढवण्यात त्याला आता रस उरला नव्हता. "नाहीतर ड्रिल मारू. लॉक गेलं तर गेलं."

"ड्रिलच मारायचं होतं तर मला कशाला बोलावलंत? सुतार बोलवायचा," पोपटराव म्हणाले.

स्वारगेटला एसटी स्टँडच्या बाहेर फुटपाथवर पोपटरावांची चाव्यांची पेटी होती. पुण्यात कुलूपवाल्याला लोक दोन प्रश्न विचारतात. उघडेल ना, आणि हे तुम्ही शिकलात कुठे. दुसऱ्या प्रश्नाचा रोख पोपटरावांना बरोबर कळायचा आणि ते म्हणायचे, "तुमच्या घरीच शिकलो, तुम्ही नव्हतात तेव्हा." गिऱ्हाईक हसलं तर काम, नाही हसलं तर नाही. आयुष्यभर त्यांनी ट्रंका आणि लोखंडी कपाटं उघडली. मग कंपन्या आल्या आणि जिकडेतिकडे ही गोल चावीची कुलपं आली. पोपटरावांनी जुन्या बाजारातून तसली दोन कुलपं आणली, खोलून बघितली, पहिलं बिघडवलं, दुसरं उघडलं. उघडलेल्या कुलपाला ओरखडा राहता कामा नये, हा त्यांचा हट्ट. ड्रिल त्यांनी कधी पिशवीत ठेवलंच नाही.

या कुलपाची चावी म्हणजे छोटीशी नळी, आणि आत गोल बसवलेल्या सात पिना. उघडायचं हत्यारही नळीसारखंच, कडेने सात बारीक काड्यांचं. ते सरळ आत घालायचं, हलकेच दाबायचं, हलकेच फिरवायचं. एकेक पिन जागेवर बसली की बोटांना कळतं. सगळी मेख त्या कळण्यात आहे.

गेल्या दिवाळीनंतर पोपटरावांच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते असलं एक कुलूप कांताबाईंच्या हातात द्यायला लागले. शिकवणं कमी आणि टोमणे जास्त. कांताबाईंनी जोरात फिरवलं की म्हणायचे, "कपडे पिळतेस का? जोर लावलास की पिना घट्ट धरून बसतात." हत्यार वाकडं झालं की, "एका बाजूच्या पिना खड्ड्यात, दुसऱ्या बाजूच्या वरच. असं कसं उघडेल?" सगळ्यात मोठी चूक तिसरी. कुलूप पहिल्यांदा फिरलं की नवखा माणूस आनंदाने हात सोडतो. पण तेवढ्याने ते उघडलेलं नसतं. प्रत्येक पिन शेजारच्या भोकात जाऊन पुन्हा अडकते, सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि असं अर्धवट सोडलेल्या कुलपात मग खरी चावीसुद्धा जात नाही. कांताबाईंनी या तिन्ही चुका भरपूर केल्या. म्हाताऱ्याला आता शिकवायची हौस आली आहे, असं त्या शेजारच्या फुलवालीला सांगायच्या.

आणि आज त्या बघत होत्या. पोपटरावांच्या बोटांची नखं जोर लावून पांढरी झाली होती. हत्यार डावीकडे कललं होतं. पोपटराव कपडे पिळत होते.

कांताबाईंना आधी हसू आलं. मग हसू गेलं.

"साहेब, जरा प्यायला पाणी मिळेल का?" त्यांनी शौनकला विचारलं. तो बाटली आणायला गेला.

"अहो, तिरकं धरलंय तुम्ही."

पोपटरावांनी मान वर केली. त्यांच्या कामात चूक काढायची घरात पद्धत नव्हती. "कुलूप खराब आहे," ते म्हणाले.

"आणि मघाच्या खणाचं? ते पण खराब? द्या इकडे."

पोपटराव आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. "मला कळत नाही गं," ते हळूच म्हणाले. "शुगरने खाल्ली बोटं. पिन बसली की नाही, काहीच कळत नाही. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून! आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, नवी बोटं देणार होतीस?"

गेल्या सहा महिन्यांतल्या त्या सगळ्या दुपारी आणि ते टोमणे कशासाठी होते, हे कांताबाईंना आत्ता कळलं. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता. रडायला हे ठिकाण बरं नव्हतं, म्हणून त्यांनी रागच धरला आणि हत्यार पोपटरावांच्या हातातून काढून घेतलं.

"सांगा आता. तोंड तरी चालतंय ना?"

पोपटरावांनी कान खणाला लावला. "सरळ घाल. दाबू नकोस, नुसतं टेकव. हां. आता फिरव, दुधावरची साय सारतेस तेवढंच." आत बारीक टिक झालं. "एक बसली. थांब. दुसरी. मान खाली घालू नकोस, बघून काही होत नाही."

कुलूप फिरलं. कांताबाईंचा हात आपोआप सैल झाला.

"सोडू नकोस!" पोपटराव ओरडले. "अर्धंच झालंय. ताण तसाच ठेव, आता पुन्हा पहिल्यापासून."

प्रत्येक वळणाला कुलूप अडत होतं आणि प्रत्येक वळणाला पोपटराव कानाने पिना मोजत होते. कांताबाईंच्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली. शेवटी खण पुढे आला. आत एक कंगवा, अर्धी चिक्की आणि कुणाच्या तरी बाळाचा फोटो होता.

शौनक बाटली घेऊन दारात उभा होता. "अरे वा, काकू पण करतात?"

कांताबाई काही बोलायच्या आत पोपटराव म्हणाले, "पण काय? काम त्यांचंच आहे. मी पिशवी उचलायला येतो."

हे वाक्य त्यांनी नेहमीच्या तिरकसपणाने टाकलं आणि शौनक हसलाही. मग सगळी दुपार कांताबाई एका खणासमोरून दुसऱ्या खणासमोर सरकत राहिल्या आणि पोपटराव कान लावत राहिले. पुढेपुढे कान लावायचीही गरज पडेना. तेव्हा ते खिडकीपाशी खुर्चीवर जाऊन बसले. एकाही कुलपाला ओरखडा आला नव्हता.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मे महिन्याचं ऊन थेट अंगावर येत होतं. पोपटराव खिडकीचा लोखंडी दांडा धरून, बाहेर बघत बसले होते. सिग्नलला बसने गचका दिला तेव्हा कांताबाईंनी सावरायला तोच दांडा धरला आणि चटका बसून हात मागे घेतला. पोपटरावांचा हात मघापासून तिथेच होता.

"अहो, तापलाय तो. हात काढा."

पोपटरावांनी हात काढून बघितला. तळवा लालभडक झाला होता. जणू दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे ते त्याच्याकडे बघत होते.

कांताबाईंनी बाटलीतल्या पाण्याने पदराचं टोक भिजवलं आणि भरल्या बसमध्ये, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या तळव्याभोवती गुंडाळून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"गार वाटतंय का?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय की," पोपटराव खिडकीबाहेर बघत म्हणाले.