नादानंदांची विलायती गिटार

त्या सोमवारी बेळगावजवळच्या वडगावात पाय ठेवायला जागा नव्हती. आठवड्यातून एक दिवस वीज बंद म्हणून यंत्रमाग बंद, आणि माग बंद म्हणून सगळी विणकर गल्ली नादानंद महाराजांच्या मांडवात. समोर लाकडी फळीवर एक गिटार उभी केलेली. मानेला झेंडूचे हार, पोटावर हळदीकुंकू. त्याच फळीवर महाराजांचा शिष्य मष्णू पेटी घेऊन बसलेला. भजन म्हणता म्हणता तो एका सुरावर रेंगाळायचा, पेटी एकदम बंद करायचा, आणि त्या शांततेत कुणी हात न लावता गिटार घुमायची. तारांवर टाकलेला अंगारा थरथरून खाली पडायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या.

"ऐकलंसा?" महाराज डोळे मिटून म्हणायचे. "हे लाकूड न्हाय, जीव हाय. विलायतेतल्या सगळ्यात मोठ्या गायकानं पंधरा वर्सं हिच्यावर गाणी म्हटली. पैका लई, पर मनाला शांती न्हाय. शेवटी गोव्याला आला, आमच्या पायावर गिटार ठिवली अन् ढसाढसा रडला."

पुरावा म्हणून मागं इंग्रजी मासिकातलं चित्र चौकटीत घालून टांगलं होतं. त्यात एक केसाळ गोरा, हातात गिटार. तो महाराजांशी कुठल्या भाषेत बोलला आणि पुढं त्याचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही. ही गोष्ट एक्क्याऐंशी सालची.

मी मारुतीराव. शहापुरात माझं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. पेट्या, तबले आणि लष्कराच्या कॅम्पातल्या बँडवाल्यांच्या गिटारी माझ्याकडे यायच्या. गोव्याला जाताना लोंढ्याला गाडी बदलणारे काही गोरे हिप्पी तुटकी वाद्यं घेऊन बेळगावापर्यंत यायचे. त्यामुळे जुन्या विलायती गिटारी हाताळलेला आमच्या भागात मी एकटाच होतो. याचा मला गर्व होता, आणि त्या गर्वानंच घात केला.

पहिल्याच सोमवारी मष्णूनं मला लोकांसमोर उभं केलं. "मारुतीअण्णा, तुमी जाणकार. चित्रातली अन् ही, एकच हाय का न्हाय सांगा."

मी दहा फुटांवरून पाहिलं. सोवळ्याच्या नावाखाली जवळ कुणाला जाऊ देत नव्हते. रंग तोच होता, आकार तोच होता. एवढ्या माणसांत 'सांगता येत नाही' म्हणायला जीभ वळेना. म्हणालो, "दिसते तरी तशीच."

एवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं की शहापूरच्या मारुतीरावांनी गिटार ओळखली.

ते भीमाप्पाच्या कानावर गेलं. भीमाप्पा माझा शाळेपासूनचा दोस्त, आयुष्य मागावर गेलेलं. त्याच्या अकरा वर्षांच्या शेवंताचे दोन्ही कान वर्षभर वाहत होते आणि ऐकू येणं कमी होत चाललं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पू हाडात उतरायच्या आत मिरजेला नेऊन ऑपरेशन करा, महिनाभरसुद्धा थांबू नका. भीमाप्पा निघायच्या तयारीत होता. तेवढ्यात महाराज म्हणाले, "कानाचं दुखणं नादानंच बरं हुतं. पाच सोमवार आणा."

दर सोमवारी शेवंताचा तळहात गिटारीच्या पोटावर ठेवायचे. गिटार घुमली की महाराज तिच्या तोंडासमोर वाकून विचारायचे, "आलं ऐकू?" पोरगी मान हलवायची आणि मांडवभर जयजयकार व्हायचा.

तिसऱ्या सोमवारनंतर भीमाप्पा दुकानात आला. चेहरा उजळलेला. "मारुती, पोरगी ऐकतीया रं. घरात काय बी इचारलं की बराबर जवाब देतीया. डाक्टरची चिठ्ठी देवापुढं ठिवली. आता मिरजंला जात न्हाय."

"कान वाहायचा थांबला का?"

"व्हातोय की. आतली घाण भाईर पडतीया म्हणत्यात महाराज. आदीपेक्षा जास्तच व्हातोय."

"भीमा, एकदा डॉक्टरांना दाखव. माझं ऐक."

"तुझंच ऐकलं न्हवं?" तो हसला. "गिटार खरी हाय म्हणालतास."

दुसऱ्या दिवशी दुपारी महाराज बोरगावला एका भक्ताकडे जेवायला गेले होते. गल्लीत माग धडधडत होते आणि मष्णू मांडवात घोरत होता. मी आरसा आणि बॅटरी घेऊन गिटारीपाशी बसलो. चांगल्या जुन्या गिटारीचा वरचा तक्ता अखंड लाकडाचा असतो. पोटावरच्या भोकाची कड पाहिली की लाकडाच्या रेषा वरून खाली आरपार उतरलेल्या दिसतात. हिच्या कडेला एकावर एक चिकटवलेले तीन थर होते, म्हणजे साधं प्लायवूड. आत अर्धवट खरवडलेला कागद होता, त्यावर कलकत्त्याच्या कारखान्याचा पत्ता. मानेवर, हारांच्या फटींतूनही दिसतील असे, गोल ठिपके. चित्रातल्या गिटारीच्या मानेवर चौकोन होते. हे मला पहिल्या दिवशी दोन पावलं पुढं गेलो असतो तरी दिसलं असतं.

तारा छेडल्या आणि उरलेलंही कळलं. गिटारीच्या सहा तारा वेगवेगळ्या सुरांत लावतात. हिच्या सगळ्या एकाच सुरात होत्या, जाड तारा तेवढ्या खालच्या सप्तकात. शेजारी पेटीवर तोच सूर धरला की तारा आपोआप हलू लागतात. पेटी चालू असेपर्यंत ते ऐकू येत नाही, पेटी थांबली की घूम उरतो. माग चालू असताना तो घूम कुणाच्या बापाला ऐकू आला नसता, म्हणून दर्शन फक्त सोमवारी.

चौथ्या सोमवारी दुकानातली एक फुटकी गिटार तशीच लावून मी मांडवात गेलो. ती फळीवर टेकवली आणि मष्णूला काही कळायच्या आत पेटी ओढून तो सूर धरला. पेटी थांबवली. दोन्ही गिटारी घुमल्या.

"ही माझ्या अडगळीतली," मी म्हणालो. "हिला कुठला गोरा गायक माहीत नाही. एका सुराच्या तारा एकमेकींना हलवतात, दुसरं काही नाही. शाळेतलं पोरगंही करून दाखवेल."

मग गल्लीतली सुलाबाई म्हातारी उठली, पुढं आली आणि माझ्या फुटक्या गिटारीला कुंकू लावून पाया पडली. महाराजांनी संधी सोडली नाही. "बघा, आमच्या सावलीत मेलेली गिटार जिती झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी प्लायवूड सांगितलं, कागद सांगितला, चौकोन आणि ठिपके सांगितले. मागून कुणीतरी म्हणालं, "त्या दिशी खरी म्हणालता, आज खोटी म्हणताय. तुमचं कुठलं खरं धरायचं?" प्रश्न रास्त होता. मला रडू यायचं बाकी होतं.

शेवटी मी शेवंताच्या पाठीमागं गेलो. ती गिटारीकडे बघत बसली होती. मोठ्यानं हाक मारली. ती हलली नाही. भजनातली झांज उचलून तिच्या डोक्यामागं आदळली. पुढच्या चार रांगा दचकल्या, पोरगी तशीच बसून राहिली.

भीमाप्पा उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज न काढता त्यानं नुसते ओठ हलवले.

"नको पाणी, तान न्हाय लागली," शेवंता मोठ्यानं म्हणाली.

मागाच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही. विणकर ओठांवरून बोलणं ओळखतात आणि त्यांची पोरं ते पाळण्यापासून शिकतात. घरातलं माणूस समोर येऊन बोलायचं, पोरगी बरोबर उत्तर द्यायची. तिचं ऐकणं कधी संपलं, हे त्या घराला कळलंच नव्हतं.

"भक्ती कमी पडली," महाराज म्हणाले. भीमाप्पानं पोरीला उचललं आणि तो निघाला.

मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला. पू हाड खाऊन आत गेला होता, कान गेले ते गेलेच. "महिनाभर आधी आणायची होती," एवढंच डॉक्टर बोलले. इकडे पाचव्या सोमवारी मांडवात आणखी गर्दी झाली. मी दोनदा जाऊन बोललो, दोनदा मला हाताला धरून बाहेर काढलं. पुढं महाराज आपणहून दुसऱ्या गावाला गेले.

भीमाप्पानं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. रस्त्यात भेटलो की शेवंता माझे ओठ बघत हसते.

चमत्कार करणाऱ्याला चार भोळी माणसं लागतात, हे आपण नेहमी म्हणतो. त्याला एक जाणकारही लागतो, जो न तपासता मान हलवेल. म्हणून कुणीही विचारलं तर आधी जवळ जाऊन बघा, हात लावून बघा, आणि बघू देत नसतील तर सगळ्यांसमोर 'मला माहीत नाही' म्हणा. मी त्या दिवशी तेवढं म्हणालो असतो, तर भीमाप्पा पोरीला घेऊन मिरजेच्या गाडीत बसला असता.