अर्ध्या वाक्याचा मान

मी एक जुना शोधनिबंध आहे, अंगाने जेमतेम सहा पानांचा. मित्रांनो, माझ्या जातकुळीतलं कोणी तुम्ही पाहिलं नसेल. शास्त्रज्ञाला काही नवं सापडलं की तो ते लिहून छापतो, तो शोधनिबंध. पुढे दुसऱ्या कोणी आपल्या लेखात त्याचा आधार घेतला, तर लेखाच्या शेवटी त्याचं नाव द्यायचं; तो संदर्भ. संदर्भ जितके जास्त, तितका शास्त्रज्ञाचा मान मोठा. माझे संदर्भ भरपूर आहेत. माझं दुःख तेच आहे.

मला एका बाईंनी लिहिलं. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना बाईच म्हणत. पोटात जीव रुजतो कसा, हा त्यांचा विषय. उंदराच्या मादीचं अंडं काचेच्या बशीत फलित करायचं, त्याचा इवलासा गर्भ उबदार पेटीत वाढवायचा आणि मग मादीच्या पोटात ठेवायचा. बशीतल्या गर्भाला पोसणारा एक नवा द्राव तेव्हा बाजारात आला होता. बाई तो तपासून पाहत होत्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून त्यांची मान आखडे. घरी लेक ती चोळून देई आणि टोमणाही मारी.

"उंदरांची बाळं बघतेस, इथे तुझं बाळ उपाशी आहे ते दिसतं का?"

"दिसतं की. पण तू ओरडतेस गं. ती बिचारी ओरडत नाहीत."

त्या द्रावातले गर्भ फार देखणे दिसत. गोल, नितळ, ठसठशीत. पण पोटात ठेवले की इतरांपेक्षा कमी रुजत. बाईंचा आधी विश्वास बसेना. त्यांनी सगळं पुन्हा केलं, मग आणखी एकदा केलं. तेव्हा कुठे मी लिहिला गेलो. माझ्या सारांशात एकच मोठं वाक्य होतं: "या द्रावात गर्भाची वाढ अधिक चांगली दिसते, परंतु असे गर्भ कमी रुजतात, म्हणून तो वापरू नये."

माझा घात त्या वाक्याच्या लांबीने केला. संगणकावरच्या शोधयादीत सारांशाची एकच ओळ मावे. ओळ 'दिसते' या शब्दावर संपे आणि पुढे तीन टिंबं येत. कोणा घाईतल्या माणसाने तेवढंच वाचलं आणि लिहून टाकलं, की हा द्राव गर्भाला उत्तम. लिहिताना नियतकालिकातला माझा पानक्रमांकही चुकवला. दुसऱ्याने त्याचं पाहून लिहिलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. चुकलेला पानक्रमांकही सगळ्यांनी इमानेइतबारे उतरवला. त्यावरूनच बाईंनी ओळखलं, की मला कोणी उघडलेलंच नाही.

विभागप्रमुख मात्र पेढे मिळाल्यासारखे खूश. "बाई, तुम्ही तर छुपा रुस्तम निघालात! विभागात कोणाचेच इतके संदर्भ नाहीत."

"अहो सर, सगळं उलटं लिहिलंय त्यांनी. मी वाईट म्हटलं, ते चांगलं म्हणतात."

"पण तुमचं नाव घेऊनच म्हणतात ना? मग कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता?"

बाईंनी ऐकलं नाही. दोन पानांचा खुलासा लिहून छापून आणला. तो माझा धाकटा भाऊ. त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. मला मात्र माणसं डोक्यावर घेऊन नाचत होती. द्राव उंदरांकडून माणसांच्या दवाखान्यांत गेला.

बाईंच्या लेकीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. मूल होत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या गावी उपचार घेत होती. एका संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज आनंदाने कापत होता.

"आई, आज पोटात गर्भ ठेवला. डॉक्टरांनी आधी पडद्यावर दाखवला. म्हणाले, इतका देखणा गर्भ क्वचित बघायला मिळतो."

बाईंनी घाईने विचारलं, "कशात वाढवला होता?"

लेकीने द्रावाचं नाव सांगितलं.

बाई सकाळीच त्या दवाखान्यात जाऊन उभ्या राहिल्या. तरुण डॉक्टर नम्र होता. "काकू, तुमचं आईचं काळीज, काळजी वाटणारच. पण हे सिद्ध झालेलं आहे." त्याने पडद्यावर माझं नाव दाखवलं.

"तो निबंध माझा आहे," बाई म्हणाल्या.

"काय सांगता! मग तर प्रश्नच मिटला!" तो हरखून उठला आणि सहकाऱ्यांना हाका मारू लागला. बाई वाक्याचा उरलेला अर्धा भाग सांगत राहिल्या. तो हसून मान डोलावत राहिला.

गर्भ रुजला नाही. द्रावामुळेच रुजला नाही, असं मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे बाईंनीच माझ्यात लिहिलंय. लेकीनेही आईला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. पण बाई पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या नाहीत. लेकीची नजर चुकवता चुकवता त्या खंगल्या आणि एके दिवशी गेल्या.

शोकसभेत विभागप्रमुखांनी माझ्या संदर्भांचा आकडा सांगितला आणि माझं अर्धं वाक्य भिंतीवर मोठ्या अक्षरांत झळकवलं. तेव्हा लेक उठली. पर्समधून तिने मला काढलं आणि सहाही पानं शांतपणे, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मला असं पहिल्यांदाच कोणी जाहीरपणे वाचत होतं. माझ्या जिवात जीव आला.

वाचून झालं. विभागप्रमुखांनी रुमालाने डोळे टिपले. "आईच्या कामावर लेकीचं किती प्रेम!" ते म्हणाले. माणसं गहिवरली. तिच्या पाठीवरून हात फिरवून चहाला गेली. काय वाचलं, हे तिला एकानेही विचारलं नाही.

मित्रांनो, मला मान नको. कोणाचं नाव घेणार असाल, तर आधी त्याला उघडा आणि कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाचा. बाईंना त्याचा आता उपयोग नाही, त्यांच्या लेकीलाही नाही. तुम्ही वाचाल, अशी मला फारशी आशाही नाही. तरी सांगतो, कारण आत्ता या घडीला कुठल्याशा दवाखान्यात बशीतला एक गर्भ फार देखणा दिसतो आहे, आणि बाहेर बाकावर कोणीतरी वाट बघत बसली आहे.