सुमनबाईंच्या कानात

माझी धाकटी जाऊ चांगुणा खोटं बोलत नाही. लोक हे कौतुकानं सांगतात, मी वैतागून सांगते. उभा जन्म मीही शाळेत मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ शिकवण्यात घातला, पण खरं कुठं आवरतं घ्यायचं हे मला कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चांगुणेला मूठ झाकताच येत नाही. दारात कुणी वर्गणी मागायला आलं आणि मी आतून ‘घरी नाही म्हणून सांग’ म्हटलं, तर ही बाई उंबऱ्यात नुसती घुटमळत राहते आणि शेवटी मलाच बाहेर यावं लागतं.

आम्हा दोघींचेही नवरे गेले. नगरमध्ये आम्ही एका घरात राहतो आणि रविवारी चर्चमध्ये उपासनेला एका बाकावर बसतो. चांगुणेचं माहेर कोपरगावकडचं. शिक्षण बेताचं, पण आजारी माणसाचं करावं तर तिनंच. सावेडीतल्या एका फ्लॅटमध्ये सुमनबाई म्हणून एक म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं चांगुणा करायची. सुमनबाईंचा मुलगा रविराज आणि सून रश्मी पुण्याला. फोन रोज यायचा, माणसं सवडीनं यायची.

सुमनबाई रामाच्या, आणि चांगुणेच्या गळ्यात क्रूस. पहिल्या पहिल्यांदा म्हातारीनं हिच्या हातच्या पाण्याला नाक मुरडलं. पुढं हिनं भरवल्याशिवाय तिला घास जाईना. म्हातारीला भीती एकाच गोष्टीची होती. मरताना जवळ आपलं कुणी नसेल, तोंडात गंगा पडायची नाही, कानावर रामाचं नाव यायचं नाही, आणि आपण तशाच जाऊ. देव्हाऱ्यात काशीहून आणलेला गंगेचा लहानसा गडू होता, तोंड लाखेनं बंद केलेला. “रविराजला यायला उशीर झाला तर तू घाल,” असं तिनं चांगुणेला सांगितलं, आणि चांगुणेनं शब्द दिला.

मला तिनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, “अगं, तू ख्रिस्ती बाई. हे आपल्यात बसतं का?”

“न्हाई बसत,” ती म्हणाली. “पन ती लई भ्येती ओ आक्का.”

ती वेळ आली भर दुपारी. म्हातारीला घरघर लागली. चांगुणेनं डॉक्टरला फोन केला, रविराजला केला. तो निघाला, पण पुणं काही शेजारच्या गल्लीत नाही. मग हिनं गडूची लाख फोडली, चमच्यानं गंगा तोंडात घातली, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं आणि म्हातारीच्या कानाशी वाकून राम राम म्हणत राहिली, श्वास थांबेपर्यंत. समोरच्या फ्लॅटमधली बाई दारात आली ती नेमकी तेव्हा. तिला दिसलं ते एवढंच, की क्रूसवाली बाई डोळे मिटून पुटपुटते आहे आणि म्हातारीच्या तोंडावरून पाणी ओघळतं आहे. तिनं तिच्या अकलेप्रमाणे अर्थ लावला. रविराज जिना चढून वर येतो न येतो तोच तिनं त्याला सांगितलं, तुमच्या आईला मरता मरता बाटवलं.

मी रविराजला शिव्या भरपूर दिल्या आहेत, पण एक गोष्ट समजते. आई गेली तेव्हा आपण तिथं नव्हतो, हे ज्याला सोसत नाही त्याला कुणीतरी गुन्हेगार लागतो. लाख फोडलेला गडू त्याला दाखवला तर म्हणाला, गंगा ओतून देऊन हिनं स्वतःचं पाणी भरलं असणार. दिवस उरकले आणि त्यानं पोलिसांत तक्रार दिली.

चांगुणेबरोबर मी गेले. रविराज आधीच येऊन बसला होता. तिथले साहेब काही वाईट नव्हते, त्यांनी आम्हालाही बसायला खुर्च्या दिल्या. चांगुणेनं सगळं सांगितलं. साहेबांना ते पटत चाललं आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी शेवटचं म्हणून विचारलं, “म्हणजे तुमच्या येशूचं नाव तुम्ही घेतलंच नाही?”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

“तोंडानं रामाचं घेतलं साहेब. मनात माज्या प्रभूला हाक मारली. म्हनलं, हिला एकटी सोडू नको.”

“मनातलं कोण विचारतंय बाई?” साहेब म्हणाले.

“तुमी इचारलं म्हनून सांगितलं.”

“ऐकलंत?” रविराज खुर्चीतून उठला. “स्वतःच कबूल करतेय!” त्याचा आवाज फाटला होता. रामाचं नाव घेतलं हे त्याच्या लेखी खोटं, आणि मनात प्रभूला हाक मारली हे तेवढं खरं. साहेबांनी जबाब लिहून घेतला, चौकशी चालू राहील, बोलावू तेव्हा यायचं, असं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. रिक्षात मी तिला वाट्टेल ते बोलले, आणि ती सारा वेळ बाहेर बघत बसली.

सावेडीत तिला परत काम मिळालं नाही. मरणाऱ्या माणसाजवळ हिला कोण ठेवणार?

तरी मला वाटत होतं, आपली माणसं आहेत. चर्चची मंडळी पाठीशी उभी राहील. पण चांगुणेनं पोलिसांत जे सांगितलं ते आमच्या मंडळीत यायला वेळ लागला नाही, आणि इथं त्याचा दुसराच अर्धा भाग लोकांनी उचलला. ख्रिस्ती बाईनं मेलेल्याच्या तोंडात गंगा घातली आणि रामाचं नाव घेतलं. म्हातारी तेव्हा मेलेली नव्हती, हे सांगून माझी जीभ झिजली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांनी चांगुणेला बोलावलं. उत्तमराव आमचे थोरले पंच, कडक माणूस, पण चांगुणेच्या नवऱ्याच्या पेटीला त्यांनीच खांदा दिला होता.

“चांगुणाबाई,” ते म्हणाले, “पोलिसांच्या भीतीनं तसं बोललात ना? म्हणा तेवढं. कुणी काही म्हणणार नाही.”

“तसं न्हाई. मी घेतलं रामाचं नाव.”

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, पुढचा मार्ग काढला. चांगला मनुष्य, तरुण आहे, तंटा नको म्हणून झटतो. म्हणाले, “मग येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी उभं राहून एवढंच म्हणा, चुकले, पश्चात्ताप होतोय. आपला प्रभू क्षमा करणारा आहे.”

“पश्चात्ताप झाल्यावर म्हनंन की. झालाच न्हाई तर प्रभूला कसं फसवू?” मग ती रडायला लागली. “मला पंगतीतून उठवू नका ओ. दुसरं काय ऱ्हायलंय मला?”

तिला मूल नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या, आदल्या दिवशी उपास करणारी आमच्या मंडळीत ती एकटीच उरली असेल. पांढरं लुगडं धुऊन, घडी करून उशाला ठेवून झोपायची. ते ताट तिच्यापुढून काढून घ्यायचं म्हणजे काय, हे पंचांना कळत नव्हतं असं नाही. कळूनही त्यांनी ठरवलं, की पश्चात्ताप करीपर्यंत तिला प्रभुभोजन नाही.

तो रविवार यायच्या आधी रश्मी आमच्या घरी आली, नवऱ्याला न सांगता. बसली, आणि रडू आवरून म्हणाली, “मला माहीत आहे तुम्ही खरं सांगताय. आईंनी मला फोनवर सांगितलं होतं, गंगेचं चांगुणाला सांगून ठेवलंय म्हणून.”

मी उठून पायात चपला घातल्या. “चला पोलिसांत. आत्ता.”

ती जागची हलली नाही. “रविराज मलाच विचारतील, आईनं तुला सांगितलं आणि मला का नाही? आधीच सारखं म्हणतात, आई माझी वाट बघत गेली. मी बोलले तर आमच्यात काही शिल्लक राहणार नाही. मला तेवढं धैर्य नाही हो.”

“मग आलात कशाला?” मी ओरडले. “तुमचं मन हलकं करायला?”

“आक्का, ऱ्हाऊ द्या,” चांगुणा म्हणाली. “ताई, च्या घ्या.” आणि ती खरोखरच आत जाऊन चहा टाकायला लागली. मला दोघींचाही संताप आला.

त्या दिवसांत ती काम करताना गुणगुणायची थांबली. सकाळी गुडघे टेकून बसायची, ते चालू होतं, पण ओठ हलायचे नाहीत. मी विचारलं, काय मागतेस? म्हणाली, “काईच न्हाई. नुस्ती बसते. काई ऐकू येत न्हाई आता.”

रविवारी मी म्हटलं, आज घरीच राहू. ती पांढरं लुगडं नेसून तयार होती.

आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरस पंच बाकाबाकांवरून फिरवतात. ज्यानं त्यानं घ्यायचं आणि ताट शेजारच्याकडे सरकवायचं. त्याआधी पाळकसाहेबांनी प्रार्थना लांबवली. मग डोळे उघडून ते आमच्या बाकाकडे बघत थांबले. उत्तमरावही थांबले. सगळ्या मंडळीला वाटत होतं, उठावं हिनं आणि मिटवून टाकावं. मला तर मनापासून वाटत होतं. मी कुजबुजले, “चांगुणे, ऊठ. एक शब्द बोल नुसता.”

ती बसून राहिली.

ताट आमच्या बाकावर आलं. मी भाकरीचा तुकडा घेतला आणि ताट धरून तशीच राहिले, कारण शेजारी ती होती. तिनं हात पुढं करून ते माझ्याकडून घेतलं. क्षणभर मांडीवर धरून त्यातल्या तुकड्यांकडे बघितलं आणि पलीकडच्या बाईच्या हातात दिलं. नंतर रसाच्या इवल्या पेल्यांचं ताट आलं. तेही तिनं एक थेंब न सांडता पुढं दिलं. मी माझा पेला प्यायले. राग होता, तरी प्यायले. न पिण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

उपासना सुटल्यावर आवारात सगळे एकमेकांना हात मिळवून सलाम करत होते. चांगुणेपुढं कुणी हात केला नाही. फाटकाबाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही उभ्या राहिलो. मला वाटलं, आता तरी ही मंडळीला बोल लावील, निदान रविराजला.

“आक्का,” ती म्हणाली, “एक इचारू?”

“विचार.”

“मी दोघांला हाक मारली. तिच्या रामाला तोंडानं, माज्या प्रभूला मनातून. माजा प्रभू आला आसंल, तर तिनं त्याला वळखलं आसंल का ओ? ती तर रामाची वाट बघत हुती. आनखीच भ्याली आसंल का?”

मी तिचा हात धरला. तो थंडगार होता, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत तशीच उभी होती.