नऊ वर्षे चढलेली दोरी

मी एक जुने धनुष्य आहे. तुतीच्या लाकडाचे, जवळजवळ माणसाएवढ्या उंचीचे आणि आता कायमचे वाकलेले. मित्रांनो, मी फार दमलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा लढाई, शिकार असले काही ऐकायला मिळेल म्हणून सरसावून बसला असाल, तर खुशाल पाय पसरा. गवताच्या गठ्ठ्यावर चिकटवलेली कागदी वर्तुळे सोडली, तर मी आयुष्यात कुणाच्या वाटेला गेलो नाही.

मला घडवले एका म्हाताऱ्या कारागिराने. दोन वर्षे त्याने मला नुसते छपराखाली वाळत ठेवले. मग तासायला घेतले. थोडे तासायचे, दोरी लावून ओढून पाहायचे, कुठली बाजू ताठ राहते ते निरखायचे आणि पुन्हा थोडेसेच तासायचे. कामाला हात घातला तेव्हा त्याची नात रांगत होती. मी पुरा झालो तेव्हा ती त्याची कानस घेऊन घरभर पळत होती. एवढी त्याची घाई!

धनुष्याला पाठ असते आणि पोटही असते. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दबते. नुसती दोरी चढवून ठेवली, तरी हा ताण थोडा राहतोच.

मला न्यायला आली एक शिंपीण. दिवसभर कात्री चालवून तिची बोटे चांगली टणक झाली होती. तिरंदाजीच्या मैदानावर सगळे तिला ताई म्हणत. मला तिच्या हाती देताना कारागिराने बजावले, "पोरी, एखाद वेळी नेम चुकला तरी चालेल. पण खेळ संपला की दोरी उतरवायची. दोरी चढलेली असली की लाकडाला झोप नसते."

"इतकंच ना?" ताई हसली.

"इतकंच. पण लोक नेमकं हेच विसरतात."

ताई सात वर्षे विसरली नाही. दर रविवारी शेवटचा बाण गठ्ठ्यातून उपटला की ती मला पायाशी अडवून वाकवायची आणि दोरीचा फास खाचेतून सोडवायची. मग पोटावरून तेलाचे फडके फिरायचे. त्या वेळी मला काय सुख वाटे म्हणून सांगू! बाण वर्तुळाच्या मध्यावर बसल्याचा आनंद तिचा, हा माझा.

आणि मग आम्ही मोठी स्पर्धा जिंकलो. आमच्या तिरंदाजी मंडळाचे चिटणीस भलतेच खूश झाले. माणूस मनाने चांगला, पण एकदा बोलायला लागला की आवरत नसे. "हे धनुष्य आता एकट्या ताईंचं नाही, आपल्या सगळ्यांचं!" त्यांनी जाहीर करून टाकले. मंडळाच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर मला टांगायचे ठरले. ताईचा हात सवयीने दोरीकडे गेला.

"अहो, दोरी राहू द्या की! नाहीतर लोक विचारतील, काठी लावलीत, पडदा कुठाय?"

सगळे खो खो हसले. ताईला ठाऊक होते. तिने तोंड उघडलेसुद्धा. पण समोर टाळ्या वाजत होत्या, फोटो काढणारा खोळंबला होता. तिला भीड पडली.

"राहू दे मग," ती म्हणाली.

मित्रांनो, ती दोरी नऊ वर्षे राहिली. येणारा प्रत्येक पाहुणा माझ्यासमोर थांबे, वाहवा करी आणि चहा प्यायला जाई. माझ्या पाठीवरची धूळ पुसली जाई, पोट मात्र भिंतीकडे होते. तिथे बारीक बारीक चुण्या पडत गेल्या. ताईने दुसरे धनुष्य घेतले. पुढे शिवणकामाने तिचा खांदा धरला आणि तिचे येणे कमी झाले. आली तरी ती माझ्याकडे बघायचे टाळत असे. मला त्याचा राग येत असे. खोटे कशाला बोलू?

मग मंडळाचा वर्धापनदिन आला. चिटणिसांनी ताईला न विचारताच सांगून टाकले, की पहिला बाण ताई मारणार आणि तोही मलाच वापरून. माझी गाळण उडाली. पूर्ण ओढले तर मी मोडणार, हे मला कळत होते. आणि मोडेन तेव्हा माझ्या ढलप्या उडणार तिच्या गालाशी, डोळ्याशी. मी ओरडणार कुठल्या तोंडाने?

ताईने मला खाली घेतले. सवयीने पोटावरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला. तिने दोरी वीतभर ओढून पाहिली. आतून 'कट्' असा आवाज आला. तो फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आला.

"ताई, एकच बाण!" चिटणीस म्हणाले. "एवढी माणसं जमलीत."

तेच चिटणीस, त्याच टाळ्या. आता हिला पुन्हा भीड पडणार आणि ही बाण मारणार, असे मला वाटले.

"नाही मारणार," ताई म्हणाली. "हे मोडेल. आणि चूक माझी आहे. दोरी उतरवायला हवी, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. मी बोलले नाही."

सगळ्यांसमोर तिने दुखऱ्या खांद्याने मला वाकवले आणि फास सोडवला. दोरी सुटली, पण मी सरळ झालो नाही. नऊ वर्षांचा बाक तसाच राहिला. ताईच्या डोळ्यांत पाणी आले.

चिटणीस ओशाळले. "मला वाटलं, आपण त्याला मान दिला."

"मान दिलाच हो," ताई म्हणाली. "पण विसावा नाही दिला."

आता मी तिच्या शिवणाच्या खोलीत दोन खुंट्यांवर आडवा असतो. बाण मारणे माझ्या नशिबातून गेले. मित्रांनो, तुमच्या घरात कामाची वस्तू असेल, तर कौतुक जरूर करा. पण काम संपले की तिची दोरी उतरवा. वेळीच उतरवा. चारचौघांत लाज वाटली तरी उतरवा.

ताई हल्ली दिवेलागणीला मशीनवर कापड टाकते आणि खांदा शेकत माझ्याखाली बसते. परवा कपडे न्यायला आलेल्या एका बाईंनी वर पाहून मोठ्याने विचारले, "ही पडद्याची काठी का हो? वाकलीय की!"

ताईने ओठांवर बोट ठेवले.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ता कुठं झोपलंय ते."