उजाराकच्या बारशाची वाट

रेगीने नावाची बाई नवऱ्याला भेटायला निघाली होती. नवरा दोन महिन्यांचा होता, आणि मुलगी होता.

तिचा नवरा उजाराक गेल्या हिवाळ्यात वारला. उन्हाळा लागताच वरच्या कुल्लोर्सुआक गावात लेकीला मुलगी झाली आणि लेकीने फोनवर विचारलं, "आई, बाबांचं नाव ठेवू ना?" रेगीनेला हुंदका आवरेना. त्यांच्याकडे नाव परत आलं म्हणजे माणूस परत आला. त्यात विचारायचं काय!

बारसं रविवारी. उपेर्नाविकहून तिथवर न्यायला धाकटा दीर येरेमियास आपली मालवाहू बोट घेऊन तयारच होता. पिठाची पोती, दोन शिवणयंत्रं, एक नवा सोफा, आणि सोफ्यावर मांडीत केकचे डबे घेऊन बसलेली रेगीने.

"वहिनी, माल आत ठेवायचा असतो," येरेमियास सुकाणूवरून ओरडला.

"कोणता माल? केक की मी?"

"जड कोणतं ते बघा."

"भावोजी, तुमच्या या चार केसांच्या दाढीला मी घाबरत नाही. पुढे बघा."

पुढे बघायलाच हवं होतं. डावीकडे चर्चएवढा एक हिमनग शांत उभा होता. येरेमियासने बोट लांबून घातली म्हणून बरं, कारण तेवढ्यात आतून कडाड असा आवाज आला आणि तो आख्खा डोंगर झोपेत कूस बदलावी तसा हळूच उलटला. पोटाखालची बाजू वर आली. काचेसारखी निळी, ओली, कुणी कधी न पाहिलेली. मग लाट आली. सोफा सरकला, रेगीने पोत्यांवर पालथी पडली, पण दोन्ही हात वर होते आणि हातात डबे होते.

"लागलं का?"

"मलईलासुद्धा धक्का नाही!" ती पडल्यापडल्याच हसत सुटली. येरेमियासही हसला. दादा गेल्यापासून वहिनीला इतकं मोठ्याने हसताना त्याने ऐकलं नव्हतं.

दुपारी वारा पडला. समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला आणि क्षितिजावरचे डोंगर ताणल्यासारखे उंच दिसू लागले. रेगीने कॉफी ओतत होती, ती थांबली.

"भावोजी, आकाशात बोट आहे."

"उन्हात बसू नका म्हटलं होतं."

"उलटी आहे. तळ वर, आणि खाली काहीतरी काळं फडफडतंय. तुम्हीच बघा."

त्याने दुर्बीण लावली. थंड पाण्यावर हवा असे खेळ करते हे त्याला ठाऊक होतं. क्षितिजाच्या पलीकडचं उचलून ती वर टांगते. दिसतं उलटं, पण असतं खरं.

"होडीच आहे," तो म्हणाला, "आणि हलत नाहीये." त्याने सुकाणू वळवलं. "उशीर होईल, वहिनी."

"होऊ दे. माणूस असेल तिथे."

चित्र मध्येच विरलं, पुन्हा जुळलं, पुन्हा विरलं. तरी येरेमियास तीच दिशा धरून राहिला. बऱ्याच वेळाने बर्फाच्या एका सपाट लादीला बांधलेली छोटी होडी समोर आली, सुलटी. लादीवर वल्हं रोवलेलं, वल्ह्याला पाद्र्याचा काळा झगा निशाणासारखा बांधलेला. शेजारी उलट्या बादलीवर बसून पाद्रीणबाई बोलेत्ते गळ टाकून मासे धरत होत्या.

"देवा रे!" रेगीने ओरडली. "अहो, तुम्ही तर परवाच निघालात! बारसं कोण करणार म्हणून गाव वाट बघत असेल!"

"मीही तेच म्हणत होते त्याला," बोलेत्तेबाईंनी आकाशाकडे बोट दाखवलं. होडीचा पंखा बर्फावर आपटून तुटला होता, वायरलेसची बॅटरी संपली होती. "पण मासे उत्तम लागतायत हो. तुम्हाला मी कशी दिसले?"

"उलट्या," येरेमियास म्हणाला.

बाईंचे ओठ थंडीने निळे पडले होते आणि दोन दिवस पोटात कच्च्या माशाखेरीज काही नव्हतं. रेगीनेने डब्यांकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि सगळ्यात मोठा केक उघडला. "बारसं रविवारी, पण भूक आत्ता लागलीय. खा."

तिघं लादीवरच बसली. कॉफीचा दुसरा पेला ओतताना पाण्यातून फूस्स असा श्वास आला. मग दुसरा, मग चहूकडून. ठिपक्याठिपक्यांच्या पाठी वर आल्या. एकशिंगी देवमाशांचा कळप लादीच्या दोन्ही बाजूंनी चालला होता. लांबलचक दात पाण्याबाहेर यायचे, एकमेकांना हलकेच लागायचे आणि खाली जायचे. एक तर इतक्या जवळून गेला की त्याच्या फवाऱ्याने केकवर शिंतोडे उडाले.

येरेमियासचा शिकारी हात आपोआप भाल्याकडे गेला.

"भावोजी, बसा," रेगीने कुजबुजली. "आपल्या घरी कार्य आहे. त्यांनाही जाऊ दे त्यांच्या कार्याला."

तो बसला. शेवटची पाठ दिसेनाशी होईपर्यंत कुणी हललं नाही. बोलेत्तेबाईंच्या हातातला केक तसाच राहिला होता. त्या पुसट आवाजात म्हणाल्या, "रविवारी मी काय प्रवचन देणार आता? याच्यापुढे काय बोलायचं?"

"थोडक्यात आटपा, म्हणजे झालं," येरेमियास म्हणाला.

होडी मागे बांधून ती तिघं कुल्लोर्सुआकला पोहोचली तेव्हा किनाऱ्यावर सगळं गाव जमलं होतं. स्वागताच्या बंदुका आकाशात धडाधडा उडाल्या आणि कुत्री एका सुरात रडू लागली. पाद्रीणबाईंना सुखरूप पाहून लोकांनी आणखी एक फैर झाडली.

रविवारी बारसं झालं. प्रवचन खरोखरच थोडक्यात झालं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. भिजलेला केकसुद्धा लोकांनी बोटं चाटून संपवला. लेकीने बाळ आधी काकाच्या हातात दिलं. सहा फुटी येरेमियास एकदम अवघडून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला. "दादा, मी आहे. इंजिन नवीन बसवलंय. तू म्हणायचास तेच, डिझेलचं."

बाळाने त्याची दाढी मुठीत धरून जोरात ओढली. सगळे खदखदून हसले. "ओळखलं! धाकट्याला ओळखलं!"

"पुरे इंजिनपुराण," रेगीनेने हात पुढे केले. "आणा माझा नवरा इकडे."

खिडकीपाशी बसून तिने बाळाला मांडीवर घेतलं. किती दिवसांचं साठलं होतं! शेजारणीचं भांडण, कुत्रीची पिल्लं, गळकं छप्पर. तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. छपरापर्यंत आली तर बाळाचे डोळे मिटलेले.

"बघितलंत?" ती भोवतीच्या बायकांना म्हणाली, आणि तिचा चेहरा आनंदाने ओसंडून चालला होता. "मी बोलायला लागले की झोपायचं! ही खोड काही गेली नाही मेल्याची!"